उजवं मडगार्ड

"सारजे, ते मडगार्ड सोड!"

मुंजाबा फाटकातूनच ओरडला. पण सारजाबाईनं पॉलिश पेपर पाण्यात बुडवून उजवं मडगार्ड घासायला कधीच घेतलं होतं. पोचे बुजवायला भरलेल्या जुन्या लांबीचे पापुद्रे सुटून खाली पडत होते.

"डावं तर कालच झालं," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्ही रंग आणूस्तोवर हेबी उरकावं. एवढं काय वरडायचं?"

मुंजाबानं रंगाचा डबा तिथंच खाली ठेवला.

गारखेड्यातल्या त्याच्या अंगणात ही दोन दारांची, बुटकी, शर्यतीची गाडी महिन्यापूर्वी आली होती. पिशोरच्या आप्पासाहेबांना आपल्या वडलांची, काकासाहेबांची, गाडी पुन्हा नवी करून हवी होती. मुंजाबा साठी ओलांडलेला डेंटर, गुडघ्यांचा पार भुगा झालेला. पोरं नको नको म्हणत होती, तरी त्यानं काम ओढून घेतलं. अशी गाडी त्या काळी अख्ख्या जिल्ह्यात एकच होती. तिचं उजवं मडगार्ड दुसऱ्या कुणी उघडं करू नये, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप. वरून रंगाचा हात मारला की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारण चौऱ्याहत्तर साली ती लांबी त्यानंच भरली होती. "रानडुक्कर आडवं आलं," काकासाहेब म्हणाले होते, "ठोकू नकोस, आवाज होतो. नुसतं भरून टाक." एवढा खोल पोचा न ठोकता कुणी भरतं का? बाविशीतल्या मुंजाबाला ते खटकलं होतं, पण मोठ्या माणसाला विचारायची छाती कुणाची? आठ दिवसांनी जातभाईंकडून कळलं, गाडी दुरुस्तीला आली त्याच्या आदल्याच रात्री पिशोरच्या रस्त्यावर मेंढरांमागं चाललेल्या त्रिंबकला कुठल्याशा गाडीनं उडवून ठार केलं होतं. त्रिंबक म्हणजे सारजाबाईचा बाप.

"हे काय हो?"

पत्र्याच्या चुणीत काहीतरी काळं अडकलं होतं. सारजाबाईनं ते नखानं ओढून काढलं. घोंगडीची दशी होती. काळ्या लोकरीत एकच तांबडा धागा. तिनं तो बोटावर घेऊन उन्हात धरला, आणि ती मटकन खाली बसली.

"आमची आय घालायची असा धागा. बापाच्या घोंगडीला."

तिनं मडगार्डावर बोट ठेवलं.

"ही लांबी कुणी भरली?"

ज्याच्या हाताखाली तो काम शिकला, त्या उस्तादाचं नाव त्याच्या अगदी ओठावर आलं. मेलेला माणूस थोडाच साक्षीला उठणार होता? पण तिच्या तोंडाकडं पाहून त्याला ते जमेना.

"मी," तो म्हणाला.

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. सारजाबाई रडली नाही, ओरडली नाही. तिनं दशी पदराच्या टोकात बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"माझा बाप होता, हे कधी कळलं तुम्हांला? लग्नाआधी का मागून?"

"आधी," मुंजाबा म्हणाला. "तुला बघायला यायच्या आधी."

बिनबापाची पोर, घरात खायची भ्रांत, आणि कमावत्या पोरानं बघताक्षणी, हुंड्याचं नाव न काढता होकार दिला. चाळीस वर्षं सारजाबाई ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना लाजत लाजत सांगत आली होती.

"म्हंजी," ती हळूच म्हणाली, "मी आवडले म्हणून नाय."

तिनं त्याच्याकडं पाहिलं, तशी त्यानं नजर रंगाच्या डब्याकडं वळवली. मग ती गाडीला हात न टेकता उठली आणि आत गेली.