एका पानाचे दोन तास

“अरे, हळू मार! बोटाला लागलं ना माझ्या!”

मित्रांनो, हा आवाज अजून माझ्या लाकडात मुरलेला आहे. हरायला लागली की ताई हटकून बोट चोळायची आणि तिचा धाकटा भाऊ हसून लोळायचा.

मी त्यांचा कॅरम. सुताराने मला असं घोटलं होतं, की पावडर टाकताच सोंगटी पाण्यावरच्या पानासारखी सरकावी. माझ्याभोवती चार डोकी, आठ कोपरं, आणि रुसवे-फुगवे तर विचारूच नका! पुढे ताई सासरी गेली. माझी रवानगी कपाटामागे झाली. तिथे ना ऊन, ना वारा, ना कुणाच्या बोटाची टिचकी. वाट पाहून पाहून एका कडेने मी फुगलोसुद्धा.

एका संध्याकाळी त्याच भावाने मला बाहेर ओढलं. आता तो एका मुलीचा बाबा झाला होता. वाटलं, आलं खेळायचं बोलावणं! पण मला दोन बुटक्या स्टुलांवर ठेवलं आणि वर वही उघडली. लेकीला गृहपाठासाठी टेबल हवं होतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. फोन घटकाभर गप्प नसायचा. वही उघडली, की मात्र ते सांगत, “लेकीचा गृहपाठ चाललाय, नंतर बोलतो,” आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसत. शेवटची ओळ झाली, की हत्यारांची पिशवी उचलून चालू लागत.

लेक हुशार होती. उत्तर बरोबर यायचं, तेच ती खोडायची. लिही नि खोड, खोड नि लिही. खोडरबर हळूच माझ्या भोकात सोडायची आणि म्हणायची, “हरवलं!” त्याचा चुरा अंगावर पडला, की मला जुन्या पावडरीची आठवण यायची.

शेवटी बाबा वैतागले. त्यांनी शाळेतल्या बाईंना स्पीकरवर फोन लावला. “एवढ्याशा पोरीला रोज दोन तास गृहपाठ? खेळायचं कधी हिने?”

“अहो, मी एकच पान देते,” बाई म्हणाल्या. “वीस मिनिटं पुरेत. जास्त लागली तर वही मिटा, सोडा तिला खेळायला. मी रागावणार नाही.”

“ऐकलंस?” बाबा खुशीत म्हणाले. “उद्यापासून वीस मिनिटं, की मिटली वही!”

लेकीने वही दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगणार होतो. पण मी लाकूड. मला वाट पाहता येते. तुम्ही मात्र मनातलं माझ्यासारखं आत मुरवत बसू नका. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

“काय गं?” बाबांनी तिची हनुवटी वर केली. “एवढंसं पान, जमत नाही का?”

“जमतं,” ती म्हणाली. “दहा मिनिटांत जमतं. पण पान संपलं की तुम्ही उठून जाता.”