रुद्राणीआजीला दिलेली जबान

हरभरा उपटायचा तर दहिवर हाय तवरच उपटावा, ऊन चढलं की घाटे हातातच फुटून जातेत. म्हणून आमी दोघं नवरा-बायको दिस उगवायच्या आधीच रानात होतो. आठच्या सुमाराला रुद्रेश पाटलाची फटफटी बांधावर येऊन थांबली. पाटील खाली उतरला न्हाई. तिथूनच म्हणला, "नरसिंगा, आई गेली. दोनला मयत उचलायची हाय. हलगी घेऊन ये."

माझ्या डोळ्याला पाणीच आलं. रुद्राणीआजी वरीसभर अंथरुणाला खिळलेली, सुना लातूरला. रोज दुपारी मीच जाऊन तिचं अंग पुसायची, पायाला तेल लावायची. कुणी सांगितलं न्हवतं. म्हातारी मला शिव्याबी घालायची आन ताटातला लाडू पदराखाली झाकून माझ्यासाठी ठेवायची.

माझे मालक म्हणले, आठ वर्सं झाली हलगी सोडून, तुमाला ठाव हाय. पाटलाला सगळं ठाव होतं. पण गावातली बाकीची वाजवणारी पोरं पुण्याला बँडात गेलेली, आन आईची मयत मुकी न्यायची म्हणजे पाटलाच्या इज्जतीचा सवाल. "तुमचं प्रार्थनेचं शेड गायरानावर हाय," म्हणला, "सोमवारी ग्रामसभा हाय. मी जास्त बोलत न्हाई." किक मारली आन गेला.

आमच्या घराण्यात चार पिढ्या गावची हलगी. बाप्तिस्मा द्यायच्या वक्ताला उदगीरच्या पास्टरनं मालकाला विहिरीत उभं करून कबूल करून घेतलं होतं: देवापुढं वाजवणार न्हाई, मयतीपुढं वाजवणार न्हाई. त्याच दिवशी त्यांची दारूबी सुटली. त्या दिवसाला मी आजबी नावं ठेवत न्हाई.

घरी आलो तर दारात लिंबाजी बसलेला. आमची ख्रिस्ती घरं अकरा, त्यात ह्यो वडीलधारा. त्यानं पास्टरला फोन लावूनच ठेवला होता. पास्टर म्हणले, खऱ्या ख्रिस्ती माणसाची परीक्षा अशाच वेळी होते, वाजवलंस तर प्रभुभोजनाला बसता येणार नाही. उदगीरात पंख्याखाली बसून दुसऱ्याची परीक्षा घ्यायला काय जातंय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं.

लिंबाजी गेल्यावर मी मालकाला म्हणलं, "जाऊ नका. पाडू द्या शेड. झाडाखाली बसू."

मालकानं आढ्याला टांगलेल्या हलगीकडं बघितलं. मग म्हणले, "दसऱ्याला तू आजीला पेज पाजत होतीस, मी दारात उभा होतो. ती काय म्हणली, ध्यानात हाय?"

हाय की. म्हणली होती, नरसिंगा, माझ्या मयतीला तुझीच हलगी. आन ह्ये व्हय म्हणले होते.

"मरणाऱ्या माणसाचं मन राखलं तुमी," मी म्हणलं.

"मन राखायला म्हणलो न्हाई मी. जबान दिली."

"आन पास्टरला?"

"त्येलाबी दिली."

लई राग आला मला. एका माणसानं दोन दारांत जबान ठेवायची आन मग मधी अडकून बसायचं. पण त्यांचं तोंड बघितलं आन पुढं बोलवलं न्हाई.

"पाटील आला नसता तर मी आपल्या पायानं गेलो असतो," मालक म्हणले. "आता गेलो तर शेडापायी भेला म्हणतील. न्हाई गेलो तर म्हातारीला मी खोटं बोललो. मला तिकडंबी वाट न्हाई आन इकडंबी न्हाई, नागू."

आढ्याची हलगी काढली. आठ वर्साची धूळ, कातडं सैल पडलेलं. हलगी तापवल्याबिगर बोलत न्हाई. मीच अंगणात तुरकाट्या पेटवल्या. मालक फिरवून फिरवून कातडं शेकत होते, आन समोरच्या दारातून लिंबाजी बघत होता.

आजीला लुगडं नेसवून, इभूत लावून, फुलांच्या मखरात बसवलं होतं. लिंगायताची मयत बसूनच जाते. तिच्यापुढं मालक घरापासून खड्ड्यापर्यंत वाजवत गेले. मी बायकांच्या मागं चालले. असं वाजवलेलं मी माझ्या लग्नातबी ऐकलं न्हवतं.

माती लोटल्यावर पाटलानं रिवाजापरमानं शेला आन पायलीभर ज्वारी पुढं केली. मालकानं हात जोडले. म्हणले, "मी तुमच्या सांगण्यावरनं न्हाई वाजवली, पाटील. आजीनं सांगितलं होतं." चार माणसांत पाटलाचा हात तसाच राहिला. त्याचं तोंड बघूनच मी वळखलं, शेड गेलं.

रविवारी पास्टर आले. प्रभुभोजनाच्या पावाचे बारके तुकडे स्टीलच्या ताटलीत घालून एकेकापुढं धरत गेले. माझ्या हातावर तुकडा ठेवला, मालकाला ओलांडून पुढं गेले. मालक मान खाली घालून बसलेले. मला न्हाई सोसलं. मी तुकडा मोडला आन अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

"नागुबाई, असं चालत नाही," पास्टर म्हणले.

"हलगी शेकायचा इस्तू मी पेटवला हाय," मी म्हणलं. "मला कसं दिलंत मग?"

पास्टरनं ताटली पुढच्या माणसापुढं धरली. आठ वर्सानं हलगीचं टिपरू धरून मालकाची बोटं फुटली होती, पावाला जरासं रगात लागलं. तसंच खाल्लं त्यांनी.

सोमवारी ठराव झाला, आठ दिवसांत शेड पाडलं. पाटील म्हणतो, नरसिंगाची मस्ती नडली. लिंबाजी म्हणतो, हलगीचं पाप नडलं. आता प्रार्थना लिंबाजीच्या अंगणात असते. आमाला बोलावणं न्हाई. आमी दोघं समोर आमच्या उंबऱ्यावर बसतो, गाणी तिथवर ऐकू येतेत. टाळ्यांचा ताल कुणालाच धरता येत न्हाई, मधीच चुकतो. मालक मांडीवर बोटानं बरोबर धरतेत, आन तिकडून बघत बघत लिंबाजी हळूहळू त्यांच्या बोटाच्या तालावर टाळी वाजवाय लागतो.