गोजरबाईच्या न्हाणीमागचा सुरण

मी सुरण बोलतोय. पेडगावच्या गोजरबाईनं पाथरीच्या बाजारातून माझा एक तुकडा आणला आणि न्हाणीमागे पुरला. तिच्या सूर्यभानला सुरणाची भाजी फार आवडे. "लेक आला की काढीन," म्हणायची. लेक सदा कामावर, परगावी. मी आपला न्हाणीचं पाणी पिऊन फुगत राहिलो.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा फूल आलं. फुलताना आमचं अंग तापतं आणि मेल्या जनावरासारखी घाण सुटते. माशांना फसवायची ती आमची रीत. माणसंही फसतील हे मला ठाऊक नव्हतं.

शेजारची रुख्मिणी नाकाला पदर लावून दारात आली. कडी आतून. गोजरबाई ठार बहिरी, तिला हाका कुठल्या ऐकू येणार!

"म्हातारी गेली गं माय! लय वास यायलाय."

झरीकडे खडी फोडणाऱ्या सूर्यभानला निरोप गेला. अंगणात बांबू आले, कडबा आला. सूर्यभान धापा टाकत आला, लाथ घालून दार उघडलं, तर आई भाकर कुस्करत बसलेली.

"आलास? अन् हे बांबू कशाला रे?"

तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो रडला. लोक वासाच्या मागानं माझ्यापाशी आले आणि हसून बेजार झाले.

"आये, आता कडी लावू नको," असं हातवारे करून सांगून तो सकाळी कामावर परतला. मला खणायचं राहूनच गेलं. तेव्हापासून तिचं दार नुसतं लोटलेलं असे.

दोन-तीन वर्षं मी नुसती पानंच काढली. मग पुन्हा फुललो. रुख्मिणी पदर नाकाला लावून दारावरून गेली. "म्हातारीचा सुरन फुललाय," म्हणाली. सगळं गाव तेच म्हणालं. दोन दिवसांत माझं फूल सुकून पडलं. वास तसाच राहिला.

लेक ऊसतोडीला गेलेला, हंगाम लांबला होता. सूर्यभान आला तेव्हा दार हात लावताच उघडलं.

त्यानं मला खणून काढलं, शिजवलं नाही, फेकलंही नाही. भिंतीशी पडून आहे. दुःख होतंय का, तेही कळत नाही. आत सगळं बधिर आहे. पुन्हा कुठं माझा वास आला, तर खुशाल नाक दाबा. पण पुढे जाण्याआधी ते दार एकदा लोटून बघा. कडी नसते हो.