ताराने वाचलेली यादी

छत्तीस सालच्या आषाढातला सोमवार होता. उमरेडकडून येणारी छोटी गाडी इतवारी स्टेशनात थांबली तेव्हा रंभाबाईच्या एका हातात गाठोडं होतं आणि दुसऱ्या हातात नातीचं मनगट. साठी ओलांडलेली रंभाबाई याआधी दोनदाच नागपूरला आली होती, आणि दोन्ही वेळा नवऱ्याच्या मागं मागं चालत, त्यामुळं त्याच्या पाठीआडून जेवढं दिसलं तेवढंच नागपूर तिला ठाऊक. आता नवरा राहिला नव्हता. मुलगा श्रीधर पेरणीत गुंतला होता, सून तीन वर्षांपूर्वीच गेलेली. अकरा वर्षांच्या ताराला शहरातल्या मुलींच्या शाळेत पोचवायचं काम रंभाबाईवर येऊन पडलं.

तारा चौथीला तालुक्यात पहिली आली होती. पुढं शिकायचं म्हणून तिनं बापाशी दोन महिने भांडण मांडलं, एकदा तर दिवसभर जेवली नाही. शेवटी मास्तरांनी अर्ज लिहून दिला आणि शाळेचं पत्र आलं. राहण्याची, जेवणाची सोय होती, सोबत आणायच्या सामानाची यादी होती. श्रीधरनं ते बैल जुंपता जुंपता वाचलं, सोमवारी जा म्हणाला, सामान तिकडंच घ्या, तारा वाचून सांगेल, आणि वावरात निघून गेला.

म्हणून पत्र ताराच्या पोलक्याच्या खिशात होतं. तिनं स्टेशनबाहेर उभं राहून ते वाचलं. पत्र्याची पेटी, सतरंजी, दोन पांढरी पोलकी, पितळी तांब्या-पेला. हे सगळं इतवारीच्या बाजारातच तासाभरात मिळालं. रंभाबाईला हायसं वाटलं. शहर म्हणतात ते एवढंच असेल तर फार काही अवघड नाही, असं तिच्या मनात आलं. पेटी टांग्यात ठेवून ती आता शाळेचा पत्ता विचारणार, तोच तारानं पुन्हा कागद उघडला.

"आजी, अजून हाये. लोकरीचे पायमोजे."

आषाढात, नागपुरात, लोकरीचे मोजे? रंभाबाईनं दोनदा विचारलं. तारा म्हणाली, तसंच लिहिलं आहे. मग टांगा सीताबर्डीच्या बाजाराकडं वळला. पहिल्या दुकानदारानं ऐकलं आणि तो हसला. दुसऱ्यानं हिंदीत काही विचारलं, ते रंभाबाईला कळलं नाही, तारानं मान हलवली. तिसऱ्यानं थंडीत यायला सांगितलं. चौथ्या दुकानात सरळ किंमत होती, भाव करायचा नाही म्हणाले. भाव केल्याशिवाय वस्तू घेतली असं रंभाबाईनं जन्मात केलं नव्हतं, त्यामुळं तिथं घ्यायचं तरी कसं ते तिला समजेना. तिथंही मोजे नव्हतेच, म्हणून तो प्रश्न तसाच राहिला.

मोज्यांनंतर हिरव्या शाईची दौत निघाली, आणि तीही चौकोनी. मग काळ्या दांड्याची कैची. दौत गोल मिळत होती, चौकोनी नाही. कैच्या सगळ्या नुसत्या लोखंडी. रस्त्यावर सायकली अंगावर येत होत्या, मोटारीचा भोंगा वाजला की रंभाबाई नातीला धरून दुकानाच्या पायरीवर चढायची आणि आपण आता कोणत्या बाजूनं आलो ते विसरून जायची. एका दुकानात ती दोनदा गेली. दुकानदारानं सांगितलं, आजी, आत्ताच येऊन गेल्या ना. शाळेला एवढं सामान कशाला लागतं, लिहायला पाटी पुरत नाही का, असं तिनं ताराला विचारलं. तारा म्हणाली, इथं असंच असते. रंभाबाईनं मानलं. वाचता येणाऱ्या माणसाला कागदातलं जास्त कळणार, यात तिला शंका नव्हती.

टांगेवाला कंटाळला. त्याला पेटीजवळ थांबवून दोघी एका हॉटेलासमोर आल्या, आणि तारा म्हणाली, यादीत आहे की मुलीला खुर्चीवर बसून खायची सवय पाहिजे.

"हे बी लिवलं हाये?"

"हाये."

तेव्हा रंभाबाई आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात शिरली. संगमरवरी टेबल गार होतं. वर विजेचा पंखा फिरत होता आणि तो सुटून डोक्यावर पडेल म्हणून ती खुर्चीच्या कडेला सरकून बसली. वाढणारा माणूस तिथूनच ओरडून आतल्या माणसाला काही सांगायचा, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आपल्यालाच बोलून राहिला. आलूबोंडे आले, चहा आला. हे कोणी केलं, कोणत्या हातांनी केलं, ते विचारावं की नाही तेही तिला ठरवता येईना. भूक लागली होती. तिनं खाल्लं. बोंडा चांगला होता, त्याचंही तिला जरा नवल वाटलं. तारा मात्र एकच तुकडा घेऊन तो कुस्करत बसली होती.

शेजारच्या टेबलावर काळ्या टोपीतले एक कारकुनासारखे गृहस्थ चहा पीत होते. चेहरा भला वाटला. रंभाबाईनं ताराच्या पुढ्यातला कागद उचलला आणि त्यांच्याकडं धरला.

"दादा, चौकोनी दौत कुठी मिळते, थे सांगता का? यादीत हाये."

गृहस्थांचं नाव दत्तोपंत, कचेरीत नोकरीला होते, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला.

"आजीबाई, यात दौत नाही. पेटी, सतरंजी, पोलकी, तांब्या-पेला आणि कुलूप. पाचच वस्तू आहेत." मग ते थांबले. "आणि खाली लिहिलंय, आज चार वाजेपर्यंत मुलगी हजर झाली नाही तर जागा दुसरीला देण्यात येईल."

भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते रंभाबाईला कळत नव्हतं. दत्तोपंतांनी सांगितलं, साडेतीनला पाच कमी.

रंभाबाई काही वेळ कागदाकडं पाहत राहिली, जणू आता तरी त्यावरची अक्षरं तिला दिसतील. मोजे नव्हते. कैची नव्हती. खुर्चीही नव्हती. पोरगी खोटं बोलली हे कळलं, पण का बोलली ते काही डोक्यात शिरेना. हीच पोर शाळेसाठी उपाशी राहिली होती.

"काहून वं?" तिनं हळू विचारलं.

तारानं कुस्करलेला तुकडा बशीत ठेवला. "मले नाही माहीत, आजी."

"जाचं नाही तुले?"

"जाचं हाये." तिचे डोळे भरून आले. "पण तू गाडीत बसून चालली जाशीन."

रंभाबाईला राग यायला हवा होता. तो आला नाही. घटकाभर असंच बसून राहिलं तर चार वाजतील, संध्याकाळच्या गाडीनं दोघी घरी जातील, आणि सकाळी चुलीपाशी पोर असेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं, आणि ते आलं म्हणून तिची तिलाच लाज वाटली. ती स्वतः नऊ वर्षांची असताना बैलगाडीतून सासरी आली होती. तिला जायचं आहे की नाही हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर माहीत नाही, असंच तिनंही सांगितलं असतं.

"मले बी नाही समजून राहिलं," ती म्हणाली. "पण ऊठ. चाल."

दत्तोपंतांनी बाहेर येऊन टांगेवाल्याला रस्ता समजावून दिला. टांगा निघाला. तारा पेटीवर हात ठेवून बसली होती.

शाळेच्या दारात पोचल्या तेव्हा चारचे टोल पडून गेले होते. यमुताई नावाच्या पांढऱ्या पातळातल्या बाई वहीसमोर बसल्या होत्या. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग घामानं थबथबलेल्या म्हातारीकडं. उशीर का झाला, असं त्यांनी विचारलं.

रंभाबाईनं ताराकडं पाहिलं. पोरीची मान खाली गेली.

"मीच चुकली बाई," रंभाबाई म्हणाली. "बजारात रस्ता नाही समजला. कुलूप बी राह्यलं."

जागा अजून कोणाला दिलेली नाही, कुलूप उद्या घेता येईल, असं म्हणून यमुताईंनी टाक उचलला आणि मुलीचं नाव विचारलं. तारानं आजीकडं एकदा पाहिलं आणि पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, मोठ्यानं. नाव लिहून झालं. एक मोठी मुलगी येऊन पेटीची एक कडी धरून उभी राहिली, दुसरी तारानं धरली. जाताना ती वळली, परत आली, आजीच्या पाया पडली आणि आत गेली. रडली की नाही ते रंभाबाईला दिसलं नाही.

बाहेर टांगेवाला उभा होता. त्यानं विचारलं, कुठं सोडू. रंभाबाईला स्टेशनचं नाव आठवेना. तिनं त्याला जरा थांबायला सांगितलं. भिंतीपलीकडं मुली एका सुरात कविता म्हणत होत्या. त्यात तारा असेल का, इतक्या लवकर कशी असेल, हे तिला कळत नव्हतं, तरी ती कान देऊन ऐकत राहिली. एक आवाज ताराचा वाटला. मग दुसराही वाटला.

"इतवारी," ती शेवटी म्हणाली. "इतवारीले चाल गा."