शाळेत न फुटणारा आवाज

किनांतीचं बोट वर्गाच्या दारात चेंगरलं ते सकाळी आठला. मी तिला न्यायला गेले अकराला. मधले तीन तास पोरगी हात स्कर्टच्या खिशात घालून बसली होती. रडली नाही, बाईंना सांगितलं नाही. शाळेचं वळण मागे पडल्यावर म्हणाली, "आई, फार दुखतंय गं."

घरी या सात वर्षांच्या पोरीची टकळी थांबत नाही. शाळेत मात्र दोन वर्षांत एक शब्द नाही. शेजारणी म्हणायच्या, लाडावून ठेवलीय. एकीने तिच्या जिभेवर सोन्याची अंगठी घासायला सांगितली, तीही घासली. बाटिकच्या कारखान्यात दिवसभर कापडावर गरम मेणाचे ठसे उठवून माझे खांदे भरून येत. कुणाशी वाद घालायचं त्राण उरत नसे.

सोलो शहराच्या इस्पितळात बोटाला टाके घातले. तिथल्या डॉक्टरने तिचं गप्प राहणं पाहून मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांच्या दाराशी आम्ही चार तास बसलो. माझा नवरा दार्तो ट्रकची फेरी सोडून आला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारी बदामाएवढी जागा असते. काही मुलांत ती परक्या चेहऱ्यांसमोर उगाचच वाजते आणि गळा बंद होतो. काहींच्या कानात स्वतःचा आवाज दाबणारी सोय कमजोर असावी, म्हणून बोलताना त्यांना बाहेरचं नीट ऐकू येत नसावं, असाही संशय आहे. पक्कं अजून कुणालाच माहीत नाही. पण हा हट्ट नव्हे.

"माझं काही चुकलं का?" मी विचारलं.

"नाही हो. पुष्कळदा घरात आधी कुणीतरी असंच असतं."

दार्तो खाली बघत म्हणाला, "मी होतो. तिसरीपर्यंत. गुरुजी पट्टीने मारायचे, बोल रे मुक्या म्हणून. मला बोलायचं असायचं. तोंडच उघडायचं नाही."

नऊ वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. चारचौघांत मी त्याला घुम्या म्हणत आले होते. घरी परतताना बसमध्ये मी त्याचा हात धरला, तेवढंच सुचलं.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून शाळा सुटल्यावर बापलेक रिकाम्या वर्गात बसू लागले. पहिले आठ दिवस ती नुसती सोयाबीनचं तळलेलं तेंपे खायची. मग बापाशी कुजबुजू लागली. पुढे वर्गबाई दाराबाहेर उभ्या राहू लागल्या, मग आत. यात पाच महिने गेले. दार्तोच्या फेऱ्या बुडायच्या, म्हणून मी रविवारीही ठसे मारायला जात होते.

परवा वर्गबाईंचा निरोप आला: भर वर्गात किनांतीने हात वर करून, लघवीला जाऊ का, असं विचारलं. बाकी कुणाशी अजून बोलत नाही. बाकावर शेजारी बसणारी एक मुलगी सोडली तर.

दार्तोला सांगितलं. तो मागच्या अंगणात बराच वेळ तोंड धूत राहिला. मी मेणाने माखलेल्या कपड्यांनिशी चटईवर तशीच आडवी झाले.