चार कार्डांची वेल

पोपट

डावीकडे तोंड, चोच उघडी. शेपटीतून वेल निघते आणि कार्डाच्या कडेला येऊन तुटते.

बाच्या, म्हणजे वडिलांच्या हातचा, कापड छापायचा शिसवी ठसा करवतीनं कापताना आपल्याला काही आवाज आला नाही, असं पितांबर सांगतो. शोभाबाई, त्याची बायको, म्हणते की आला होता. चुलीपाशी बसलेल्या तिला ऐकू आला, मग ठसा पायाखाली दाबून कापणाऱ्याला कसा नाही?

नंदुरबारच्या रंगारी गल्लीत तो ठसा सगळ्यांना ठाऊक होता. दीड वीत लांब. एका टोकाला पोपट, मग कैरी, मग फूल, आणि शेवटी वेलीचं वळलेलं टोक. लुगड्याच्या किनारीवर एकाला एक लावून ठोकत गेलं की वेलीचं टोक पुढच्या पोपटाच्या चोचीत जायचं आणि वेल संपायचीच नाही. बानं तो पितांबरच्या मोठ्या बहिणीच्या, मंगलाबाईच्या लग्नासाठी कोरला. तेव्हापासून घरातली पोर सासरी निघाली की तिच्या पेटीत सगळ्यांत वर या वेलीचं लुगडं जायचं, आणि त्यावरचा पहिला ठसा मुलीच्या फुईनं, म्हणजे बापाच्या बहिणीनं ठोकायचा. हे कुणी ठरवलं ते कुणाला माहीत नाही. मोडायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मग गिरणीचं छापील लुगडं आलं आणि ठशांवर धूळ बसू लागली. अशात शाळेतल्या एका मास्तरांनी विचारलं, संक्रांतीला आप्तेष्टांना पाठवायला चाळीस कार्डं रंगवून द्याल का? पितांबरला तो उद्योग फार आवडला. घोंगडीच्या तुकड्यावर पुडीचा गुलाबी रंग आणि डिंक चोळला, की ठसा त्यावर टेकवून कार्डावर उठवायचा. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून त्यात त्यानं ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ ही अक्षरं कोरली. पत्रा कार्डावर ठेवून वरून रंगाचा बोळा फिरवला, की अक्षरं हजर. ठशात अक्षरं उलटी कोरावी लागतात, पत्र्यात सुलटी. ही गंमत तो येईल त्याला दाखवायचा.

पण पोस्टाचं कार्ड केवढं? तळहाताएवढं. दीड वीत वेल त्यावर मावणार कशी?

म्हणून करवत.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मंगलाबाई म्हसावदहून माहेरी आली. आखाजीला खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी येते, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मंगलाबाईनं पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर तिला चार तुकडे दिसले, गुलाबी रंगात माखलेले. तिनं एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला. ती ओरडली नाही. झोक्यावर बसली नाही. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं परत गेली, आणि मग दोन आखाज्या आल्या नि गेल्या, ती काही आली नाही.

कैरी

कैरी पोटातून भरलेली, आत सात टिंबं. वेल डावीकडून येते, उजवीकडे जाते. कुठून येते, कुठे जाते ते या कार्डावर नाही.

आता सन सदतीसची संक्रांत नऊ दिवसांवर होती, आणि माघात पितांबरच्या मुलीचं, जमनाचं लग्न.

“फुईना हात लागल्याशिवाय लुगडं पेटीमा जानार नही,” जमना म्हणाली.

“मंग कोरंच ठेव,” शोभाबाई म्हणाली.

“कोरंच ठेवसू.”

पोरगी बापावर गेली होती की फुईवर, हा वाद त्या घरात जुना होता. या वेळी मात्र ती फुईवर गेली होती हे पितांबरला मान्य करावं लागलं. कोरं लुगडं घेऊन लेक सासरी गेली तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं? आणि गल्लीचं सोडा, स्वतःला काय सांगायचं?

तो म्हसावदला जाऊन आला नव्हता असं नाही. गेल्या पावसाळ्याआधी गेला होता, नावेनं तापी ओलांडून. मंगलाबाईनं पाणी दिलं, गूळ दिला, पाऊस कसा होईल म्हणून विचारलं. गिऱ्हाइकाशी बोलतात तशी बोलली. तिच्या अंगणात दोऱ्यांवर काळी-तांबडी लुगडी वाळत होती, डोंगरातल्या बायांसाठी, अजून जुन्याच रंगात. पितांबर गूळ खाऊन परत आला.

कार्डही एक पाठवून झालं होतं, गेल्या संक्रांतीला. त्याचं काय झालं हे धनसिंगनं सांगितलं. धनसिंग म्हसावदचा शेतकरी, मिरचीची गाडी घेऊन दर आठवड्याला नंदुरबारच्या बाजारात यायचा. पोत्यांवर मारायचा त्याचा पत्र्याचा मार्का पितांबरनंच कापून दिला होता.

“तुन्हं कार्ड तुन्ही बेननी बकरीले खवाडी दिनं,” धनसिंग म्हणाला होता.

“खरंच?”

“गुलाबी व्हतं ना. दोन दिन बकरी बी गुलाबी लेंड्या टाकी ऱ्हायनी व्हती.”

म्हणजे गुलाबी चालणार नव्हतं. या वर्षी पितांबरनं ठरवलं, बहिणीला तिच्या रंगात पाठवायचं. काटात.

काट म्हणजे रंगाऱ्याचा काळा. गंजलेल्या लोखंडाचे तुकडे आणि गूळ मडक्यात पाण्यात घालून पंधरा दिवस उन्हात ठेवायचे. आंबून नाक धरावं असा वास सुटला, की गाळायचं आणि चिंचोक्याची खळ घालून दाट करायचं. कापड आधी हरड्याच्या, म्हणजे हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं असलं, की काट टेकताक्षणी काळा होतो. कापड विरतं, पण तो काळा जात नाही. हे सगळं मंगलाबाईनंच त्याला शिकवलं होतं, तो आठ वर्षांचा असताना, मडक्यावर वाकवून, मानेला धरून.

पंधरा दिवस. त्याच्याकडे होते जेमतेम सहा, कारण कार्ड पोस्टातून पोचायलाही दोन-तीन दिवस लागणार. पितांबरनं मडकं लावलं आणि लवकर आंबावं म्हणून गूळ दुप्पट टाकला.

चार पोस्टकार्डं त्यानं हरड्याच्या पाण्यातून काढून सावलीत वाळवली. चार तुकडे घासून, गुलाबी पार काढून, चार कार्डांवर उठवले. एकेका कार्डावर एकेक तुकडा, कडेला अगदी भिडवून, म्हणजे कार्डं शेजारी शेजारी ठेवली की वेल पुरी. अक्षरांचा पत्रा त्यानं उचललाच नाही. मंगलाबाईला वाचता येत नव्हतं, आणि ‘गोड बोला’ असं तिला सांगायची त्याची छातीही नव्हती.

रंग काळा आला नाही. राखाडी आला, तोही चिकट.

“कागदना दोष शे,” पितांबर म्हणाला.

“व्हई,” शोभाबाई म्हणाली. “कागदनाच व्हई. मडकं ते बिचारं सहा दिन उनमा तपश्चर्या करी ऱ्हायनं व्हतं.”

जमना चार इयत्ता शिकलेली. तिनं चारी कार्डांवर छापील तिकिटातल्या राजाच्या डोक्याशेजारी पत्ता लिहिला.

फूल

फूल आठ पाकळ्यांचं. एक पाकळी धूसर.

संक्रांत झाली. धनसिंग आला.

“भेटनात का कार्डं?”

“भेटनात. फळीवर ठी दिनात, तोंड खाले करीसन.”

“काय बोलनी का?”

“मले म्हने, मिरचीना भाव काय शे.”

पुढच्या आठवड्यात धनसिंग पुन्हा आला. त्यानं आपणहून सांगितलं, की मंगलाबाईनं त्याच्याकडून बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेचे गंजके तुकडे मागून नेले.

“कसाले?”

“मले काय मालूम? रंगारी तू शे.”

पितांबर त्या दिवशी दोनदा जेवायला बसला आणि दोनदा उठला. गंजकं लोखंड तर ती नेहमीच घेणार, तिचा धंदाच तो. त्यात आपल्यासाठी काय असणार? शोभाबाईनं त्याच्यापुढे तिसऱ्यांदा ताट ठेवलं. तो मनात दिवस मोजत होता. लग्नाला बावीस. मग पंधरा. मग सात. कोरं लुगडं घडी करून पेटीजवळ ठेवलेलं होतं आणि जमना त्याच्या बाजूनं ये-जा करायची, त्याच्याकडे न बघता.

टोक

नुसतं वळलेलं टोक. या कार्डावर सगळ्यांत जास्त जागा रिकामी.

लग्नाला सहा दिवस उरले असताना ती आली. पितांबर ओट्यावर कुणा व्यापाऱ्याची कार्डं रंगवत होता. आधी वास आला. त्यानं वर पाहिलं तर मंगलाबाई गल्लीतून येत होती, कडेवर मूल घ्यावं तसं मडकं घेऊन, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

“मोटारमाना लोके नाक दाबी बठनात,” ती पायरीवर टेकत म्हणाली. “एक जन ते उतरीसन टपवर जाई बठना.”

“बेन, पानी पे.”

“पानी मांगून. तुन्हं मडकं कितला दिन व्हतं?”

पितांबरनं हातातला बोळा खाली ठेवला.

“बारा.”

“पितू.”

“आठ.”

“पितू, मी तुन्ही मान धरीसन शिकाडेल शे.”

“सहा,” पितांबर म्हणाला.

शोभाबाई आणि जमना दारात येऊन उभ्या होत्या. मंगलाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, जणू हे दोघींनाही ऐकायला हवं.

“मी ती कार्डं फळीवर ठेयेल व्हतात. तोंड खाले. दोन दिननी देखस ते फळीवर मुंग्या. म्हनलं, टाकू चूलमा. झटकाले जमीनवर मांडनात, चारी, एकना शेजारे एक. मुंग्या काही गयात नहीत. चोचपाशी चढन्यात, शेपटीवरथीन कैरीमा, कैरीमाथीन फूलवर, ते ठेट टोक लगून. जठे तुन्ही करवत फिरनी, तठे एक केस जागा सुटेल शे. तठे थांबेत, मिशा हालाडेत, आनि पलीकडे जायेत. बाना ठसा मुंग्या चाली ऱ्हायन्यात. इतला गूळ घालस का कोनी काटमा?”

पितांबर बोटांचा गुलाबी रंग धोतराला पुसू लागला.

“मन्ही भाकर जळी गयी. मी एकलीच जमीनवर बशीसन हसनू. आनि एकदाव हसनू, ते मंग राग टिकना नही.” तिनं मडक्याचं फडकं सोडलं. “पंधरा दिन पुरा करीसन लयेल शे. बा ऱ्हाता ते तुले तुन्हाच मडकामा बुडाडता.”

जमना पुढे होऊन फुईच्या पाया पडली, आणि फुईनं तिला उठवता उठवता तिच्या हाताला काटाचा वास लावला.

“ठसा लय,” मंगलाबाई पितांबरला म्हणाली.

त्यानं चार तुकडे आणले. तिनं ते मांडीवर जुळवले, नखानं फटी चाचपल्या.

“कापानंच व्हतं ते बारीक करवत तरी लेवानी. कितलं लाकूड खाई गयी.”

“चुकनं, बेन.”

“चुकनंच,” ती म्हणाली. “लुगडं हरडामाथीन काढं का?”

नव्हतं काढलं. त्या दिवशी काढलं, वाळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर घोंगडी अंथरून त्यावर लुगडं ताणलं. पहिला पोपट मंगलाबाईनं ठोकला. ठसा उचलला तेव्हा कापडावर ओलं, फिकट काहीतरी होतं, आणि बघता बघता ते काळं झालं. शोभाबाईनं तोंडाला पदर लावला. पितांबर कापड पुढे ओढत राहिला, मंगलाबाई एकामागून एक तुकडा ठोकत राहिली. तुकड्यांच्या फटी उठत होत्या तशाच, केसाएवढ्या. तिनं खजुरीच्या काडीचं टोक चावून कुंचला केला, काटात बुडवला आणि प्रत्येक फटीत एक रेघ ओढली. वेल जोडली. पुढची फट. पुढची. आठ वार लुगड्याच्या दोन्ही किनारी, एक फट सोडली नाही.

“नीट ओढ कापड. तुन्हं ध्यान कोठे शे?”

“अठेच शे.”

“अठे शे ते डोया का भरी ऱ्हायनात?”

“वासनं,” पितांबर म्हणाला.

“वास चांगला शे,” मंगलाबाई म्हणाली, आणि तिनं पुढची रेघ ओढली. तीही जरा वाकडीच गेली.

तिसऱ्या प्रहरी लुगडं दोरीवर गेलं. मंगलाबाई ओट्यावर पाय पसरून बसली. तिच्यासमोर व्यापाऱ्याची कार्डं होती, गुलाबी रंग चोळलेला घोंगडीचा तुकडा होता, पत्रा होता. ती बराच वेळ त्या गुलाबीकडे नापसंतीनं बघत होती.

“एक कोरं कार्ड दे.”

“कसाले?”

“तुन्हा मेव्हनाले धाडनं शे. त्यासले म्हनेल व्हतं, दोन दिनमा येस.”

“जमना लिखी दी.”

“त्यासले कोठे वाचता येस?”

तिनं ठशांच्या टोपलीत हात घातला, हे उचललं, ते ठेवलं, आणि एक छोटी कळी निवडली. घोंगडीवर टेकवली, कार्डावर उठवली. एक कळी, एक दिवस. ओठ हलवत मोजत ती एका ओळीत, आजचा दिवस धरून, सहा कळ्या उठवून थांबली. सहाव्या दिवशी लग्न. मग दोन कळ्या जमनाच्या पाठवणीच्या आणि घर आवरायच्या.

आठ गुलाबी कळ्या. कार्ड हात लांब करून तिनं पाहिलं. मग दारातून आत पाहिलं, जिथे पितांबर वेडावाकडा बसून पिशवीतून तिच्यासाठी कुठलं तरी पापडाचं पुडकं शोधत होता, आणि पुन्हा घोंगडीवर ठसा टेकवला.

नववी कळी जरा जोरानं उठली. तिच्या पाकळ्यांत रंग भरून वाहिला. मंगलाबाईनं तो बोटानं पुसला आणि कार्ड वाळायला उन्हात ठेवलं.