गाडी किती दिवस ठेवणार?

तळहातावर तो आडवा पडला होता — बोटाएवढा, आकाराच्या मानाने जड, वरचं चिनीमातीचं अंग पिवळट पडलेलं आणि खाली, आट्यांच्या पुढे, जिथे ठिणगी पडते तिथे काळा, ओलसर, स्पर्श केला की बोटाला लागणारा... गॅरेजवाल्या मन्सूरभाईंनी तो पान्याने फिरवून बाहेर काढला होता आणि न पुसता तसाच तिच्या हातात ठेवला होता.

"हा तीन नंबरच्या सिलिंडरचा प्लग. ह्याच्यामुळेच गाडी मिसिंग मारतीये, ताई. चारही बदलून टाकू. मला आता हलता येत नाही, ह्या दुसऱ्या गाडीचं इंजिन उघडून बसलोय. तुम्हीच जरा उझ्माच्या दुकानात जाऊन या. हा दाखवा, ती बरोबर देईल."

योगिनीने मान हलवली, पण ती लगेच निघाली नाही. प्लग डोळ्यांजवळ नेऊन फिरवून बघत राहिली. चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं इन्स्पेक्शनला काढल्यावर हातात आलेल्या कुठल्याही धातूच्या तुकड्याकडे नुसतं बघताच येत नाही. आटे सरळ आहेत का, कुठे ओरखडा आहे का, कडेला धातूची टोचरी कूस राहिली आहे का — डोळे आपोआप दोष शोधायला लागतात. दोष शोधणं हे तिचं काम होतं. आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी अंघोळ करताना तिच्याच बोटांना तिच्याच अंगात एक दोष सापडला होता, डाव्या स्तनात, वाटाण्याएवढा, कडक, अजिबात न दुखणारा. तेव्हाही ती अशीच उभी राहिली होती, पाणी वाहू देत, घाई न करता, बोटांनी पुन्हा पुन्हा मोजत.

भोसरीत गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. शेजारच्या शेडमधला प्रेस बंद होता आणि त्यामुळे गल्लीला एक वेगळीच पोकळी आली होती, दर चार सेकंदांनी जमिनीतून येणारा तो धक्का नाही म्हटल्यावर पायांनाच चुकल्यासारखं होत होतं. कोपऱ्यावर सुट्टीचे कामगार बनियनवर चहा पीत उभे होते. उझ्माचं दुकान गल्लीच्या टोकाला. योगिनी सावलीच्या बाजूने चालू लागली, मुठीत प्लग, आणि डोक्यात कालपासून फिरणारं ते वाक्य...

"आता वर्षानं या."

डॉक्टर हसून म्हणाले होते. फाइल मिटून बाजूला ठेवत, पुढच्या पेशंटच्या फाइलकडे हात नेत. सगळं छान आहे, आता दर तीन महिन्यांनी यायची गरज नाही, वर्षानं या. बाहेर आल्यावर तिने नवऱ्याला, ज्ञानेशला, फोन केला, "सगळं ठीक आहे," एवढंच सांगितलं. वर्षाचं सांगितलं नाही. का नाही सांगितलं? आनंदाचीच तर गोष्ट होती. त्याने ऑफिसात पेढे वाटले असते, लेकीला, प्राजक्ताला, बंगळूरला फोन केला असता, आणि त्या सगळ्यांच्या आनंदात आपणही आनंदात आहोत असा चेहरा तिला करावा लागला असता... कारण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला वाटलं होतं, हात सोडला. पोहायला शिकवणाऱ्याने पोटाखालचा हात काढून घ्यावा तसा. तीन वर्षं ती तीन-तीन महिन्यांचं आयुष्य जगायला शिकली होती. जून ते सप्टेंबर, सप्टेंबर ते डिसेंबर. प्रत्येक वेळी कोणीतरी आत डोकावून बघायचं, शिक्का मारायचं, आणि पुढच्या तीन महिन्यांचा परवाना मिळायचा. त्याची सवय झाली होती मला. आता बारा महिने कोणी बघणार नाही. बारा महिने आत काय चाललंय ते मला एकटीलाच ठाऊक असणार, म्हणजे कोणालाच ठाऊक नसणार.

आणि आज सकाळी राजगुरुनगरला आईकडे जायला म्हणून गाडी काढली, तर ती घरापासून दोन चौकही न जाता थडथडायला लागली.

दुकानात उझ्मा एकटीच होती. डोक्यावरचा दुपट्टा कानामागे घट्ट खोचलेला, पुढ्यात चहाचा कप, मागे छतापर्यंत खोकीच खोकी. तिने प्लग हातात घेतला, फुंकर मारली, चिनीमातीवरचा पुसट नंबर उजेडात तिरका धरून वाचला.

"गाडी कुठल्या सालची, मॅडम?"

"दोन हजार सहा."

"म्हणजे पंधरा वर्षांनंतरची पासिंग झालेली?"

"हो. पाच वर्षं मिळालीत वाढवून. पुढच्या वर्षी परत न्यायची."

उझ्मा वळली आणि न शोधता, हाताच्या सवयीने, दोन वेगवेगळ्या रांगांतून दोन प्रकारची खोकी काढून तिने काउंटरवर ठेवली.

"हे साधे. वीस-पंचवीस हजार किलोमीटर जातात. आणि हे इरिडियमचे, हे एकदा टाकले की लाखभर किलोमीटर बॉनेट उघडायला नको. महाग आहेत, पण टिकतात. नंबर दोन्हींचा बसतो तुमच्या गाडीला. आता तुम्ही गाडी किती दिवस ठेवणार, त्याच्यावर आहे सगळं."

किती दिवस ठेवणार.

किती साधा प्रश्न. उझ्मा दिवसातून दहा जणांना हाच प्रश्न विचारत असेल, आणि लोक पटकन सांगत असतील, यंदा काढायचीय, पोरगं शिकेपर्यंत ठेवायची, काही नाही हो, जाईल तोवर जाईल... योगिनी मात्र खोक्यांकडे बघत मनात हिशेब करू लागली. वर्षाला आपलं रनिंग दहा हजार. म्हणजे लाखाला दहा वर्षं. दहा वर्षांनी मी एकोणसाठची. प्राजक्ता तेहतीसची, तिला कदाचित मूल असेल, ते मूल ह्या गाडीत मागच्या सीटवर... तिने विचार तोडला. असे विचार तोडण्याची तिची एक पद्धत होती, चटका बसल्यावर हात मागे घ्यावा तशी, आपोआप.

तीन वर्षांत तिने मोठं काही घेतलंच नव्हतं. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. चहा पावशेर, टूथपेस्टची सगळ्यात लहान ट्यूब. मिक्सर बिघडला तर नवा घेण्याऐवजी तिने तो तीनदा दुरुस्त करून आणला, कारण नव्याच्या खोक्यावर ठळक लिहिलेलं होतं, पाच वर्षांची वॉरंटी. आईने परसात लावायला आंब्याचं कलम आण म्हणून दोनदा सांगितलं, दोनदा ती विसरली. ज्ञानेश सगळ्यांना कौतुकाने सांगायचा, आमची योगिनी हल्ली फार काटकसरी झालीये. काटकसर! माझ्यामागे उरून राहील असं काहीही घरात आणायचं नाही, अर्धी भरलेली बरणी बघून कोणाचा जीव तुटायला नको... एवढंच होतं ते. पण हे कोणाला कसं सांगायचं?

"मॅडम?" उझ्मा म्हणाली. "घाई नाही. विचारून घ्या घरी."

"हे द्या," योगिनी म्हणाली. "लाखवाले."

आवाज जरा मोठाच निघाला. चहाचा कप उचलता उचलता उझ्माने एकदा वर बघितलं.

परतीच्या वाटेवर ती उन्हाच्या बाजूने चालली. पिशवीत चार छोटी खोकी, चालताना एकमेकांवर आपटून टकटक करत होती, आणि तिच्या छातीत धडधडत होतं, शाळेत असताना पहिल्यांदा खोटं बोलून सिनेमाला गेली होती तेव्हा धडधडलं होतं तसं. मी घेतले. दहा वर्षांचे घेतले. कोणाला न विचारता. घेतले तर घेतले, काय होईल... आणि त्याच वेळी मानेमागे कोणीतरी कुजबुजत होतं, फार झालं बाई, फार उड्या मारू नकोस, दृष्ट लागेल.

मन्सूरभाईंनी खोकं उघडून बघितलं, परत मिटलं. फडक्याने एकेक बोट पुसलं.

"ताई, हे परत देऊन या."

तिला एकदम कोणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलल्यासारखं झालं. "का?" तिने विचारलं, आणि लगेच, "एवढी टिकणार नाही का गाडी?"

मन्सूरभाईंनी तिच्याकडे बघितलं. साठीचा माणूस, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. तिच्या आजारपणाबद्दल त्यांना माहीत होतं. रेडिएशनच्या पंचवीस दिवसांत ती हट्टाने स्वतः गाडी चालवत जायची, आणि एकदा ब्रेकचं काम निघालं तेव्हा टोपीखालचं तिचं केस गेलेलं डोकं त्यांनी बघितलं होतं, आणि काही न विचारता काम आधी करून दिलं होतं.

"टिकेल की. टिकणार नाही असं कोण म्हणालं?" ते म्हणाले. "पण हिच्या तीन नंबरला वरून थोडं ऑइल उतरतं. वय झालं, उतरणारच. तिथं सोन्याचा प्लग लावला तरी तो काळा होणार. महागाची वस्तू लावायची आणि लाखभर किलोमीटर बॉनेट उघडायचं नाही, हे नव्या गाडीला ठीक आहे. हिला लक्ष लागतं. साधे लावू. आठ-दहा हजारावर या, काढू, बघू, साफ करू, नाही जमलं तर बदलू. माझ्याकडं तीस-तीस वर्षांच्या गाड्या अशाच चालतायत."

"आणखी किती चालेल?"

"ते मी कोणालाच सांगत नाही, ताई. उद्या दुकानातनं आलेल्या नव्या गाडीचंही सांगणार नाही." ते हसले. "पुढच्या दिवाळीच्या आधी एकदा या, एवढं सांगतो. बघू आपण."

बघू आपण. कालच्या वाक्यात आणि ह्या वाक्यात फरक तरी काय होता? काल एसी खोलीत ते तिला निरोपासारखं ऐकू आलं, आणि इथे ऑइलच्या वासात, उघड्या बॉनेटपाशी, तेच... पुढच्या दिवाळीला मन्सूरभाई इथे असणार, हा पाना असणार, गाडी असणार, मी असणार, हे त्यांनी कुठलाही आव न आणता धरूनच चाललं होतं. डॉक्टरांनीही धरलं असेल. मलाच ऐकू आलं नाही. मी फक्त त्यांचा फाइलकडे गेलेला हात बघत होते.

उझ्माने खोकी बदलून देताना हसू दाबलं. "चाचांनी परत पाठवलं ना? मी विचारणार होते तुम्हाला, पण तुम्ही एवढ्या ठामपणे बोललात, मला वाटलं इंजिनचं काम झालेलं असेल."

"नाही झालेलं."

"मग ठेवणार आहात का गाडी?"

"ठेवणार आहे," योगिनी म्हणाली. किती दिवस, हे उझ्माने पुन्हा विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

अर्ध्या तासात प्लग बसले. मन्सूरभाईंनी प्रत्येकाच्या टोकातली फट पातळ पट्टीने मापून घेतली, आणि तिसऱ्या वेळी पट्टी तिच्याकडे दिली, "तुम्ही बघा, तुमचं तर कामच हे." तिने पट्टी सरकवली. किंचित अडत, किंचित सुटत गेली, जशी जायला हवी तशी. पहिल्या चावीला गाडी सुरू झाली. एक्झॉस्टमधून निळसर धुराची बारीक रेघ आली ती आलीच, पण थडथड गेली होती.

ज्ञानेशचा मेसेज येऊन पडला होता: गाडीचं काय? ह्या वेळी काढूनच टाकायची का? तिने वाचला आणि उत्तर न देता फोन बाजूच्या सीटवर टाकला. रात्री बोलू. सगळंच बोलू... की नाही बोलता येणार? बघू.

मोशीच्या पुढे फोन वाजला. आई. तिने स्पीकर लावला.

"निघालीस का न्हाई अजून? कालवण निवतंय हितं."

"निघाले गं. गाडीचं काम निघालं होतं. तासाभरात येते."

"तास? आगं आता बारा वाजत्यात! मी भाकऱ्या टाकायच्या कवा?"

"येते म्हटलं ना!"

फोन बंद झाला आणि चाकणच्या चौकाच्या अलीकडे सगळं थांबलं. कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, ऊस नसताना उसाच्या ट्रॅक्टरसारखी डुलत येऊन थांबलेली एक ट्रॉली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. समोर एक टेम्पो तिरका घुसला आणि दोन्ही रांगा अडवून उभा राहिला. त्याच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून निवांत तंबाखू मळायला घेतली.

योगिनीने हॉर्न दाबला. मग पुन्हा. मग काच खाली करून ती ओरडली, "ओ भाऊ! गाडी सरळ घ्या ना! लोकांना जायचंय!"

त्याने मागे वळून बघितलं, हाताने थांबा अशी खूण केली. तिचा पारा चढला. चेहरा तापला, कानशिलं तापली, जिभेवर दोन चांगल्या शिव्या येऊन थांबल्या. कुठलीही शिस्त नाही, ह्यांना वाटतं सगळा दिवस रिकामाच आहे लोकांचा, तिकडे कालवण निवतंय, आई तोंड पाडून बसेल, संध्याकाळच्या आत परत यायचंय, उद्या पहिली शिफ्ट, शनिवारी प्राजक्ता येणार, तिच्या खोलीचे पडदे अजून...

आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण चिडलोय.

नीट, साधं, रस्त्यावर चिडतात तसं. किती दिवसांनी... किती वर्षांनी? ह्या तीन वर्षांत ती कुठल्याच रांगेत चिडली नव्हती. सिग्नलला नाही, दवाखान्यात नाही, बँकेत नाही. जिथे उभं करतील तिथे उभी राहायची, बसवतील तिथे बसायची. लोक म्हणायचे, किती शांत झाल्या योगिनीताई, आजाराने माणूस कसा बदलतो. शांत कुठली? कुठे पोचायचंच नसलं की माणसाला उशीर होत नाही. आणि आता तिला उशीर होत होता. भयंकर उशीर होत होता. आजचा, उद्याचा, शनिवारचा, एकावर एक चढलेला. भीती गेली नव्हती. ती होती, डाव्या कुशीत नेहमीच्या जागी, पण ह्या गर्दीत तिला बसायला जागा कमी पडत होती, आणि योगिनी स्टिअरिंगवर बोटं आपटत, मान बाहेर काढून, पुढची वाट कुठून सुटतेय ते बघत होती.